येशील तेव्हा जबाब देईन

याकुमीसनं माझ्याकडे गाडी मागितली ती एका शुक्रवारी दुपारी. दुसऱ्या दिवशी पितरांचा शनिवार होता, लेंटच्या उपासाआधीचा. आमच्या चुलीवर मेलेल्यांच्या नावाचा गहू शिजत होता आणि बायको मला डाळिंब सोलायला बसवून वैतागली होती. याकुमीस दारात उभा राहिला, टोपी हातात. बंदरावर एक सामान उतरवून घ्यायचंय म्हणाला. स्वतःच्या गाडीचे ब्रेक घाटाच्या कामाचे नाहीत, रात्रीचं यायचंय, तुझी पिकअप देतोस का.

मी विचारलं, सामान कसलं?

तो म्हणाला, "निकितास येतोय."

माझ्या हातातलं डाळिंब खाली पडलं, कारण निकितास वारून बरीच वर्षं झाली होती. मग ध्यानात आलं. तिकडे अथेन्सजवळ, पिरेयसच्या कबरस्तानात जागा कायमची कुणालाच मिळत नाही. मुदत भरली की हाडं काढून घ्या म्हणतात. पोरगी रिनियो तिथंच नवऱ्याकडे असते. तिनं हाडं काढून वाइननं धुतली, पेटीत भरली आणि बोटीनं गावी पाठवली. शनिवारच्या प्रार्थनेला वडील आपल्या माणसांत असावेत, एवढीच तिची इच्छा. तिला स्वतःला यायचं होतं, पण पोटुशी होती, डॉक्टरनं बोटीचा प्रवास नको म्हटलं. म्हणून पेटी एका ट्रकवाल्याच्या हाती दिली. एरवी बोट आपल्या खालच्या धक्क्याला लागली असती, पण वारा असा सुटला होता की ती थेट पिगाडियाच्या बंदराला जाणार होती, डोंगरापलीकडे.

मी किल्ली दिली. बरोबर येऊ का, असंही विचारलं. तो नको म्हणाला. म्हणाला, आमचं दोघांचं जरा बोलायचं राहिलंय.

आता हे दोघे कोण, ते तुम्हाला ठाऊक हवं. तुम्ही पोरं उन्हाळ्यात अथेन्सहून, बॉल्टिमोरहून येता, जत्रेत लाउडस्पीकरवर नाचता आणि परत जाता. तुम्हाला वाटतं गाणं म्हणजे ते. आपल्या कार्पाथोस बेटावर गाणं म्हणजे टेबलाभोवतीची बैठक. एकानं दोन ओळींचं कडवं रचायचं, तिथल्या तिथं, समोरच्याच्या तोंडावर. त्याची ओळ सगळ्या बैठकीनं उचलून परत म्हणायची. मग समोरच्यानं त्याच यमकात जबाब द्यायचा. जबाब दिल्याशिवाय उठायचं नाही. उठलं तर तो अपमान, आणि अपमानाहून वाईट म्हणजे ते कडवं तसंच लोंबकळत राहतं. आमचे म्हातारे म्हणायचे, जबाब न मिळालेलं गाणं झोपत नाही.

निकितास चांभार होता. आपल्या बायका सणाला घालतात ते उंच बूट त्याच्या हातचे असायचे. याकुमीस शेळ्या राखायचा. लहानपणापासून शेजारी, आणि बैठकीत कायम समोरासमोर. एकमेकांवर इतके तुटून पडायचे की परक्याला वाटावं आता सुरे निघतात. माझ्या लग्नात याकुमीसनं ऐकवलं होतं,

"बूट शिवतो निकिता, चावती तेही पायाला;
जीभ स्वतःची शिवली काय खालच्या तळाला?"

बैठक हसून लोळली. निकितासनं शांतपणे राकीचा घोट घेतला, लिरा वाजवणाऱ्याकडे मान हलवली आणि म्हटलं,

"बूट चावे फक्त त्याला, पाय वाकडा हो ज्याला;
शेळ्यांमागे राहून हा, खूर फुटले की याला!"

असं पहाटेपर्यंत चाललं होतं. माझी बायको अजून म्हणते, त्या रात्री नवरी कोण होती हे कुणाला आठवत नाही.

मग निकितासची बायको गेली. त्याला डोळ्यांनी दिसेनासं झालं, सुईत दोरा जाईना. पोरीनं पिरेयसला न्यायचं ठरवलं. निघायच्या आदल्या रात्री इथंच, ह्याच कॉफीच्या दुकानात बैठक झाली. निकितास जास्त प्यायला नाही. मग त्यानं याकुमीसकडे तोंड करून म्हटलं,

"बोट लागली धक्क्याला, चाललो परक्या गावा;
तुझ्या हाकेला रे गड्या, जबाब कोणाचा यावा?"

आम्ही ओळ उचलली. आमचेच आवाज फाटत होते. ओळ संपली, लिरा खालच्या सुरात घोळत राहिली, आणि सगळे याकुमीसकडे बघत बसलो.

याकुमीस उठला. खुर्ची मागं ढकलली आणि दारातून निघून गेला.

त्याला राग आला होता. मला तेव्हा वाटलं हा माणूस दगडाचा आहे. पुढं कळलं, राग निकितासच्या जाण्याचा होता. स्वतःच्या बायकोला पुरलं तेव्हा हा रडला नव्हता, मुलगा अमेरिकेला गेला तेव्हाही नाही. पण हा एक माणूस समोरून उठून चाललाय, ते त्याला सोसेना.

नंतर निकितास पिरेयसहून फोन करायचा, रविवारी, चर्चनंतर. शेळ्या, वारा, कुणाचं लग्न, कोण आजारी, असं बोलून झालं की शेवटी विचारायचा, "आणि माझा जबाब?"

याकुमीस म्हणायचा, "येशील तेव्हा देईन."

दर रविवारी हेच. आधी चेष्टा होती, नंतर ती सवय झाली. एका थंडीत निकितासच्या छातीत कफ भरला आणि तो गेला. वाऱ्यामुळे त्या आठवड्यात एकही बोट सुटली नाही. याकुमीस धक्क्यावर जाऊन बसायचा आणि परत यायचा. त्याला मातीलाही जाता आलं नाही.

त्यानंतर मी त्याला एकदा गाताना ऐकलं, वर शेळ्यांच्या गोठ्यात. मी मध घ्यायला गेलो होतो. आतून दोन आवाज येत होते. मला वाटलं कुणी पाहुणा आलाय. दाराशी गेलो तर एकटाच. एक कडवं आपल्या आवाजात म्हणत होता आणि जबाब निकितासच्या आवाजात, त्याच्यासारखा नाकातून. मी मध न घेताच परत आलो.

ऑगस्टच्या जत्रेत एकदा पोरांनी आग्रह केला म्हणून उभा राहिला. चांगलं कडवं रचलं होतं त्यानं. म्हणून झालं आणि थांबला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, फोन वर धरले. तो थांबलेलाच. कुणी तरी शिट्टी मारली. मग तो खाली बसला आणि त्यानं गाणं सोडून दिलं. टाळ्या म्हणजे काही जबाब नव्हे.

असा तो माणूस. आता त्या रात्रीचं. हे मी कुणाच्या तोंडून उडत ऐकलेलं नाही. त्यानं माझ्या स्वयंपाकघरात बसून मला सांगितलं, आणि अंगावरचा कोटही तोवर उतरवला नव्हता.

बोटीला फार उशीर झाला. बंदरावर दोन ट्रक आणि एक कुत्रं, बाकी कुणी नाही. स्ताथिस नावाचा तो ट्रकवाला, शेजारच्या कासोस बेटावरचा, केबिनमधून पेटी घेऊन उतरला. पत्र्याची, एवढीशी, लहान मुलाच्या ट्रंकेएवढी. वर तारेनं आवळून शिशाचं सील ठोकलेलं. याकुमीस म्हणाला, पेटी हातात आली तेव्हा पहिला विचार हाच आला की एवढा मोठा माणूस एवढ्यात कसा मावला.

स्ताथिसनं सिगारेट दिली. स्वतः पेटवली. मग पेटीकडे न बघता विचारलं, "हा माणूस गायचा का हो?"

"का?"

"काही नाही," तो म्हणाला. आणि ट्रकमध्ये जाऊन बसला.

याकुमीसनं पेटी मागं हौद्यात ठेवली नाही. शेजारच्या सीटवर ठेवली. आता माझ्या पिकअपचं तुम्हाला माहीत आहे. त्या सीटवर माणूस बसला आणि पट्टा लावला नाही तर ती टिंग टिंग करून डोकं उठवते. सामान ठेवलं तर गप्प असते. टोपली ठेवा, पिशव्या ठेवा, मी तर एकदा कोकरू आणलं, ब्र नाही. पेटी ठेवल्यावरही गाडी गप्पच होती. ते साहजिकच होतं.

गावं होती तोवर सगळं ठीक होतं. तो पेटीशी बोलत होता. त्याला त्याचं काही वाटलं नाही, एकटा राहणारा माणूस शेळ्यांशीही बोलतो. बघ, म्हणाला, रस्ता आता डांबरी झालाय, तू गेलास तेव्हा नुसते दगड होते. तुझं दुकान बंदच आहे, कुलपाला मी तेल घालत असतो. तुझ्या पोरीला पोर होणार आहे. असं सांगत सांगत स्पोआ हे शेवटचं गावही मागं पडलं. मग दिवे संपले.

तिथून पुढं रस्ता डोंगराच्या पाठीवरून जातो. दोन्हीकडे खाली समुद्र. कुणी खांद्यानं ढकलावं तसा वारा गाडीला ढकलत होता. चंद्र उशिरा उगवणार होता, आणि उगवला असता तरी दिसला नसता, कारण खिंडीच्या आधीच ढग रस्त्यावर उतरले होते. पुढच्या दिव्यांत नुसता कापूस. त्यानं गाडी हळू केली, आणखी हळू केली. खिंडीतलं ते छोटं देऊळ आहे ना, सेंट मरीनाचं, त्याची भिंत दिसली तशी त्यानं गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवलं. काच खाली केली, रस्त्याची कड दिसते का बघायला.

आणि वारा पडला.

हळूहळू नव्हे. कुणी दार लावावं तसा.

याकुमीस म्हणाला, मला पहिल्यांदा बरंच वाटलं. चला, म्हटलं, आता ढग हलतील. पण ढग हलले नाहीत. नुसतं शांत झालं. इंजिनची घरघर, आणि त्यापलीकडे काहीच नाही. शेळीची घंटाही नाही. समुद्रही नाही.

मग तो सूर आला.

लांबून. रस्त्याच्या बाहेरच्या बाजूनं, जिकडे कडा आहे. नाकातला, जरा घोगरा. कुणी गाण्याआधी घसा साफ करतं तसं आधी झालं. मग...

"बोट लागली धक्क्याला, चाललो परक्या गावा..."

याकुमीसचे हात स्टिअरिंगवर होते. ते तसेच राहिले. त्यानं पेटीकडे बघितलं. पेटी तशीच होती. तार तशीच, सील तसंच.

आवाज थांबला. जरा वेळ गेला. बैठकीत जातो तेवढा.

आणि मग ती ओळ उचलली गेली.

एकानं नाही. बैठकीनं. ढगातून, भिंतीच्या मागून, वरच्या उतारावरून. कितीतरी गळ्यांनी, दबक्या आवाजात, जशी पहाटेच्या सुमारास दमलेली माणसं उचलतात. "चाललो परक्या गावा..." त्यात याकुमीसनं आवाज ओळखले. गिरणीवाला ओळखला, जो आम्ही पोरं असताना विहिरीत पडून गेला. माझा वारलेला थोरला भाऊ ओळखला. मला ते सांगताना तो थांबला होता, सांगू का नको असा. मग आपला बाप ओळखला. बाप ओळ नेहमी अर्धा श्वास उशिरा उचलायचा. तिथंही तो उशिराच आला.

दुसरी ओळ आली.

"तुझ्या हाकेला रे गड्या, जबाब कोणाचा यावा?"

बैठकीनं तीही उचलली.

मग गप्प.

ती शांतता कसली होती हे त्याला कळलं. ती त्याची होती. ती जागा त्याच्यासाठी सोडलेली होती. सगळे त्याच्याकडे बघत बसले होते... फक्त ते कुठून बघतायत ते दिसत नव्हतं.

मी त्याला विचारलं, भ्यायलास का?

तो म्हणाला, "खरं सांगू? नाही. तेच तर वाईट झालं."

म्हणाला, इतकी वर्षं मी घरात एक शब्द बोललो तर तो भिंतीला लागून खाली पडायचा. कुणी उचलायचं नाही. आणि इथं सगळे होते. सगळे माझीच वाट बघत होते. मला वाटलं, एवढंच तर हवं होतं. मी दार उघडलं.

तो खाली उतरला. दार उघडंच राहिलं. दिव्यांच्या उजेडात ढग तसाच दाटलेला होता आणि त्याच्या पलीकडे, कड्याच्या अंगाला, त्याला टेबल असल्यासारखं वाटलं. दिसलं नाही म्हणाला. वाटलं. जसं अंधाऱ्या खोलीत माणसं बसलीत हे न बघता कळतं. एक खुर्ची रिकामी आहे हेही कळलं. निकितासच्या समोरची.

तो चालू लागला.

आवाज पुन्हा आला. जरा जवळून. "तुझ्या हाकेला रे गड्या..."

पायाखालचं डांबर संपलं. खडी लागली.

"जबाब कोणाचा..."

खडी संपली. कठड्याचा दगड गुडघ्याला लागला. त्यानं एक पाय पलीकडे टाकला. तोंडात शब्द नव्हता, पण त्याला वाटलं शब्द लागणारच नाही. नुसतं जाऊन बसलं की झालं. बसणं हाच जबाब...

टिंग.

टिंग. टिंग. टिंग.

मागून. गाडीतून.

तो तसाच उभा राहिला, एक पाय इकडे, एक तिकडे. माझी गाडी ओरडत होती. शेजारच्या सीटवर माणूस बसलाय आणि पट्टा लावलेला नाही...

मग त्याला उमगलं, की निकितास तिकडे कड्याला नाहीच. निकितास मागं आहे. निकितास गाडीत बसलाय आणि त्याला घरी जायचंय.

पलीकडचा पाय त्यानं अलीकडे घेतला. किती वेळ लागला ते सांगता येत नाही म्हणाला. पाय माझा नव्हताच, दुसऱ्या कुणाचा उचलावा तसा उचलला. मग तो वळला. मागं बघितलं नाही. गाडीत येऊन बसला, दार ओढून घेतलं.

सीटवर पेटी होती. दुसरं काही नाही. टिंग टिंग चालूच.

त्यानं हात लांब केला आणि पट्टा ओढला. पेटीपुरता ओढला, पण तो खाचेपर्यंत पोचेना. आणखी ओढला. मध्ये काही होतं. पेटीच्या वर, जिथं काहीच नव्हतं तिथं, पट्टा कशावर तरी टेकला आणि त्यावरून वळून गेला. पोटावरून जातो तसा. मग खाच लागली. कट्.

गाडी गप्प झाली.

बाहेर ते सगळे अजून थांबलेले होते.

याकुमीसनं समोरच्या काचेकडे बघून गायला सुरुवात केली. आवाज फुटेना. पुन्हा केली. शब्द कुठून आले ते कळलं नाही म्हणाला, मी रचले नाहीत, ते घशातच होते, वर्षानुवर्षं अडकून.

"घरी आलास रे गड्या, घे ना मातीत विसावा;
पाळी माझी येईतो रे, शेजार रिता ठेवावा."

सूर हलला. बैठकीत कुणी तो सूर लावला असता तर निकितासनं वर्षभर चेष्टा केली असती.

काही झालं नाही.

मग बाहेर ओळ उचलली गेली. "शेजार रिता ठेवावा..." हळू. आणि तशीच लांब जाऊ लागली. वर. उताराच्या बाजूला, डोंगरावरून, आपल्या गावाच्या दिशेनं. शेवटी एकच आवाज उरला, अर्धा श्वास उशिराचा. मग तोही गेला.

आणि वारा सुटला. इतक्या जोरात की गाडी हलली.

फटफटत होतं तेव्हा तो माझ्या दारात आला. मी जागाच होतो. पेटी त्यानं बाहेर ठेवली नाही, पोटाशी धरून आत आणली आणि टेबलावर, गव्हाच्या परातीशेजारी ठेवली. बायकोनं क्रूसाची खूण केली. मी कॉफी केली. तो बसला आणि त्यानं हे सगळं मला सांगितलं. मध्येच खिडकीकडे बघायचा. मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, म्हातारा माणूस, रात्रभर जागलेला, ढगात अडकलेला, शेजारी मित्राची हाडं. कुणाच्याही डोक्यात गाणी वाजतील. माझ्या भावाचं नाव घेतलं त्याचा मला जरा रागही आला.

बायकोनं मात्र त्याच्या पायांकडे बोट दाखवलं. पँटच्या एका गुडघ्यावर दगड घासल्याचा पांढरा डाग होता. मी म्हटलं, कठड्याला लागला असेल, त्यात काय.

आता तुम्ही विचाराल त्याचं पुढं काय झालं. बरा आहे. शेळ्या विकल्या, पण राहतो वरच. ऑगस्टच्या जत्रेत पुन्हा उभा राहायला लागलाय, बघितलाच असेल तुम्ही. एक कडवं म्हणतो. मग थांबतो. कुणी जबाब देत नाही. तुम्हाला येत नाही, मला धाडस नाही. पण आता तो खाली मान घालत नाही. जरा वेळ थांबतो, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी मान हलवतो आणि मग बसतो. टेबलाशी त्याच्या उजव्या हाताची खुर्ची तो कुणाला घेऊ देत नाही. जागा आहे म्हणतो, बसायचं नाही.

त्याला वेड लागलंय असं म्हणणारे आहेत. मीही म्हटलं असतं.

पण त्या शनिवारी सकाळी प्रार्थना झाली. गहू वाटला, नावं घेतली. मग लूकास पाद्री, याकुमीस आणि मी, तिघंच चर्चमागच्या हाडांच्या खोलीत गेलो. पेटी तशीच ठेवायची नसते, आपल्याकडे हाडं लाकडी पेटीत घालतात, नाव कोरून. सील मीच तोडलं, पक्कडीनं. तार गंजलेलीही नव्हती. झाकण घट्ट होतं, दोघांनी ओढलं तेव्हा निघालं.

आत चादर होती. कोरडी. हाडं कोरडी, उन्हात वाळवलेल्या लाकडासारखी. रिनियोनं फार नीट रचली होती. कवटीवर पांढरा रुमाल झाकलेला होता, कोपऱ्यांना तिनंच विणलेली नक्षी.

पाद्रीनं रुमाल उचलायला हात घातला आणि थांबला.

रुमाल ओला होता. सगळा नाही. दोनच जागी, डोळ्यांच्या ठिकाणी. तिथून खाली ओघळ उतरल्यासारख्या दोन बारीक रेघा.

पाद्री म्हणाला, समुद्राची हवा. बोटीत दमट असतं.

याकुमीस उठला. बाहेर गेला.

मी रुमाल हातात घेतला. मला बघायचं होतं. बाहेर दंव पडलं होतं, त्या खोलीत आमच्या तोंडातून वाफ निघत होती, दगड बर्फासारखा होता.

ती ओल कोमट होती.